टायमिंग चेनचा आवाज

टायमिंग चेनचा आवाज म्हणजे इंजिनातील क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांना जोडणारी साखळी सैल पडल्यामुळे किंवा तिला पुरेसा ताण न मिळाल्यामुळे होणारा खडखडाट होय. वापरलेल्या मोटारी व मोटारसायकलींमध्ये हा दोष विशेष आढळतो. सुरुवातीच्या अवस्थेत तो अनेकदा इंजिन ऑइल किंवा टेन्शनर बदलून दूर होतो. दुर्लक्ष झाल्यास साखळी दाते सोडते आणि बहुतेक आधुनिक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते.

रचना व कार्य

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. हे प्रमाण राखून व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडण्या-मिटण्याचे काम साखळीमुळे साधते. साखळी दोन्ही शाफ्टवरील दातेरी चक्रांवरून फिरते. तिला दिशा देण्यासाठी गाइड पट्ट्या आणि ताण देण्यासाठी टेन्शनर असतो. अनेक मोटारींत टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. १०० सीसी वर्गातील अनेक मोटारसायकलींत रबरी आवरणाचा रोलर हे काम करतो.

मारुती ८०० मध्ये साखळीऐवजी पट्टा होता. त्याच कंपनीच्या के-मालिकेतील पेट्रोल इंजिनांत साखळी आहे. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार झालेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टीजेट डिझेल इंजिनातही साखळीच असते. याच रचनेचे इंजिन स्विफ्ट व डिझायर यांच्या डिझेल आवृत्त्यांत आणि इंडिका व्हिस्टामध्ये वापरले गेले. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंद केल्यामुळे तिच्या अशा गाड्या आता केवळ जुन्या बाजारातच मिळतात.

कारणे

साखळी ‘लांबते’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात धातू ताणला जात नाही. प्रत्येक कडीतील पिन व बुश किंचित झिजतात आणि ही झीज एकत्र होऊन लांबी वाढते. त्यामुळे कॅमशाफ्ट नियोजित वेळेच्या मागे पडतो. ऑइल कमी असणे, ते वेळेवर न बदलणे किंवा चुकीच्या दर्जाचे वापरणे, डिझेल इंजिनातील काजळी, टेन्शनरमधील अडथळा आणि गाइड पट्टी तुटणे ही प्रमुख कारणे आहेत.

खानदेशातील परिस्थिती

जळगाव व धुळे जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उष्णतेने ऑइल लवकर बिघडते. शेतरस्त्यांवरील धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत शिरल्यास ऑइलमध्ये मिसळून साखळी घासते. हिवाळ्यात पहाटेचे तापमान १० अंशांखाली उतरते तेव्हा घट्ट झालेले ऑइल टेन्शनरपर्यंत उशिरा पोहोचते आणि दडलेला आवाज स्पष्ट होतो. सुरत–नागपूर किंवा मुंबई–आग्रा महामार्गावर सलग चाललेल्या व ऑइल वेळेवर बदललेल्या गाडीची साखळी, गावातल्या गावात थोडे अंतर फिरलेल्या गाडीपेक्षा चांगल्या स्थितीत असू शकते. म्हणून केवळ किलोमीटरच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नसते.

निदान

तपासणी सोप्या व स्वस्त उपायांपासून सुरू केली जाते.

१. डिपस्टिकने ऑइलची पातळी व स्थिती पाहिली जाते.
२. रात्रभर बंद राहिलेले इंजिन सुरू केले जाते. पहिल्या काही सेकंदांतच थांबणारी खडखड टेन्शनरमध्ये दाब उशिरा तयार होत असल्याचे सुचवते. गरम झाल्यावरही टिकणारा आवाज साखळी किंवा गाइड पट्टीची झीज दर्शवतो.
३. स्टेथोस्कोपने, किंवा लांब पेचकसाचे टोक टेकवून, आवाजाची जागा शोधली जाते. टॅपेटची टकटक इंजिनाच्या वरच्या भागातून, तर साखळीचा आवाज टायमिंग कव्हरच्या बाजूने येतो.
४. अल्टरनेटर व इतर बाह्य भागांचा संशय असल्यास त्यांचा पट्टा काढून इंजिन क्षणभर चालवले जाते.
५. स्कॅनरवर पी००१६ हा कोड आल्यास क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्टच्या स्थितींचा मेळ बसत नसल्याचे कळते. सेन्सर किंवा वायरिंगचा दोषही असाच कोड देऊ शकतो.
६. काढलेल्या ऑइलमध्ये धातूची चमक किंवा प्लॅस्टिकचे तुकडे दिसल्यास कव्हर उघडणे आवश्यक ठरते.

दुरुस्ती

ऑइल व फिल्टर बदलूनही आवाज राहिल्यास टेन्शनर तपासतात. साखळी झिजली असल्यास साखळी, टेन्शनर, गाइड पट्ट्या आणि दातेरी चक्रे एकत्र बदलणे हितावह असते. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळीही लवकर खराब होते.

काम सुरू करताना बॅटरीची जोडणी काढून इंजिन उत्पादकाने सांगितलेल्या स्थितीत आणतात व खुणा जुळवतात. काही इंजिनांत दातेरी चक्र केवळ बोल्टच्या दाबाने शाफ्टवर पकडलेले असते. तेथे कुलूप-हत्यारे अनिवार्य असतात. अनेक इंजिनांत ऑइल सम्पही उतरवावा लागतो, त्याच वेळी गाळणीतील तुकडे साफ केले जातात. जोडणीनंतर टेन्शनरची पिन काढून क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात. कोठेही अडथळा न येता खुणा पुन्हा जुळल्या, तरच इंजिन सुरू केले जाते.

खरेदीदारासाठी

जुनी गाडी पाहताना इंजिन आधीच गरम केलेले नसावे, कारण उष्ण इंजिनात सुरुवातीचा खडखडाट लपतो. मुद्दाम घट्ट ऑइल टाकूनही आवाज काही काळ दबतो. ऑइल बदलल्याच्या नोंदी त्यामुळे महत्त्वाच्या ठरतात. सतत खडखडणारे इंजिन निदान होईपर्यंत न चालवणे सुरक्षित असते.