काडीचे लाकूड आणि खरेदीदाराचे स्थान : अंबरनाथ-उल्हासनगर परिसरातील एक प्रकरण

औद्योगिक इतिहासाच्या लेखनात भांडवलदार, तंत्रज्ञ व कामगार यांना जे स्थान मिळाले, ते कच्चा माल खरेदी करणाऱ्यास क्वचितच लाभले. दरपत्रके मागवावी, त्यांतील किफायतशीर निवडावे आणि माल भांडारात जमा करून घ्यावा, एवढेच त्याचे काम, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. आज मोठ्या कंपन्यांचा खरेदीप्रमुख संचालकांच्या धोरणविषयक चर्चेत भाग घेऊ लागला आहे. ही घटना कितपत नवी आहे, हे उल्हासनगर-अंबरनाथ परिसरातील एका उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

कल्याणहून निघाल्यावर उल्हासनगरच्या पुढचे स्थानक अंबरनाथ. १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीने, म्हणजे विमकोने, येथे आगपेट्यांचा कारखाना काढला. भांडवल स्वीडिश होते. आदल्याच वर्षी आयात आगपेट्यांवरील जकात दर ग्रोसास दीड रुपया झाली होती. त्यामुळे तयार माल पाठविण्यापेक्षा हिंदुस्थानातच तो करणे लाभाचे ठरले. परंतु काडीस मऊ व सरळ धाग्याचे लाकूड लागते, आणि उंची प्रतीच्या काड्यांसाठी अ‍ॅस्पेन वृक्षाचे ओंडके परदेशांतून येत.

येथेच खरेदीचा प्रश्न हिशेबवहीबाहेर पडला. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील राजकोषीय आयोगाने (१९२१-२२) संरक्षणास पात्र ठरणाऱ्या उद्योगासाठी ज्या कसोट्या घातल्या, त्यांत देशात कच्च्या मालाची विपुलता ही एक होती. तेव्हा ओंडके कोठून घ्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर केवळ भावावर अवलंबून राहिले नाही; उद्योगाच्या संरक्षणाच्या हक्काशीच त्याचा संबंध जडला. टॅरिफ बोर्डाच्या चौकशीनंतर १९२८ साली या धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला.

पुढे देशी जंगलांतील सावरीसारख्या मऊ लाकडाचा पुरवठाही अपुरा पडू लागला. १९८४ पासून विमकोने नाबार्डच्या साहाय्याने उत्तर भारतातील शेतकऱ्यांना पॉपलरची रोपे, बँकेचे कर्ज, तांत्रिक सल्ला आणि लाकूड परत विकत घेण्याची हमी देण्याची योजना चालविली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनेही वनाधारित उद्योगांनी शक्यतो उत्पादकांशी थेट संबंध जोडून आपला कच्चा माल निर्माण करावा, असे सुचविले. पॉपलर हा अ‍ॅस्पेनच्याच कुळातील वृक्ष. तो तोडणीस येण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. ज्यास आठ वर्षांनंतरचे लाकूड आज ठरवावयाचे आहे, त्यास केवळ खरेदीदार म्हणणे अपुरे होय. पतपुरवठा, शेती व वनशास्त्र या तिन्हींचा विचार त्यास करावा लागतो.

याच्या उलट चित्र शेजारी आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, कॅम्प नं. ३ सारख्या नावांत जुनी छावणी मात्र टिकून राहिली. येथील लहान कारखान्यांत स्वतंत्र खरेदीखाते नसते. मालक स्वतःच माल पारखतो, भाव पाडून घेतो व उधारीची मुदत ठरवितो. त्याच्या दृष्टीने खरेदी आणि धंद्याचे धोरण ही दोन कामे नाहीतच.

१९८३ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये पीटर क्राल्यिच यांनी खरेदीचे रूपांतर पुरवठ्याच्या व्यवस्थापनात झाले पाहिजे, असे प्रतिपादन केले, आणि मालाचे वर्गीकरण नफ्यावरील परिणाम व पुरवठ्यातील धोका या दोन निकषांवर करावयास सांगितले. अंबरनाथच्या ओंडक्यांस हे दोन्ही निकष त्यापूर्वी साठ वर्षे लागू होते. म्हणून खरेदीप्रमुखाच्या वाढत्या महत्त्वास नवनिर्मिती न म्हणता पुनःस्थापना म्हणणे अधिक युक्त ठरेल. मोठ्या कंपनीच्या श्रमविभागणीने जे काम मालकापासून तोडून कारकुनाकडे दिले, तेच पुन्हा धोरणाच्या जागी परत येत आहे.

मात्र एक भेद विसरता कामा नये. कॅम्पातल्या मालकाची चूक त्याच्याच तिजोरीत भरून निघते किंवा बुडते. कंपनीच्या खरेदीप्रमुखाचा अंदाज चुकला, तर पॉपलर लावून बसलेल्या शेतकऱ्याची आठ वर्षे पणास लागतात. अधिकार वाढला त्या प्रमाणात उत्तरदायित्व वाढले काय, हा प्रश्न पुढील संशोधकाने दप्तरे उघडून विचारावयास हवा.