संतती, संसार आणि ख्रिस्तसभा

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळा हे येडेश्वरी देवीचे ठाणे. लोकश्रद्धेने तिला तुळजाभवानीची धाकटी बहीण मानले आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत येथे चुनखडी वेचण्याचा विधी होतो. आराधी देवीची गाणी गातात. देवीस्थानांकडे पाहिले की एक विसंगती ध्यानात येते. तेथे पोटी मूल व्हावे म्हणून नवस बोलणारी जोडपी जातात, आणि ज्यांना मूलबाळ होणारच नाही अशी देवीला वाहिलेली माणसेही मानाने वावरतात. सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते हे त्याचे ठळक उदाहरण.

तृतीयपंथीयांच्या घरांत गुरू, नानगुरू, चेला अशी नाती असतात. कोणी कोणाच्या पोटी जन्मलेले नसते. तरी दुखण्याखुपण्यात सेवा होते. रक्ताच्या घराने टाकलेल्यांनी उभारलेले हे घर होय.

समलिंगी जोडप्यांचा प्रश्न याहून वेगळा; परंतु संततीवाचून घराला मोल आहे काय, हा पेच तोच. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ वे कलम सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरविले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. पुढे २०२४ साली केंद्र शासनाने अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातील मानावे, असे राज्यांस कळविले. विवाह मानला गेला नाही, पण चूल एक आहे हे मानले गेले.

आता आमच्या परंपरेकडे वळू. इ. स. ४०१ च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी विवाहाची तीन हिते सांगितली: संतती, निष्ठा आणि संस्कार. १९१७ च्या धर्मसंहितेने संततीची निर्मिती व संगोपन हा प्रथम हेतू आणि परस्परसाहाय्य हा दुय्यम हेतू मानला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली विवाह केवळ संततीसाठी नाही असे स्पष्ट केले, आणि १९८३ च्या संहितेने दाम्पत्याचे कल्याण व संतती ही उद्दिष्टे एकत्र मांडली. वंध्यत्वामुळे विवाह अवैध ठरत नाही, हेही तीच संहिता सांगते.

तथापि १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी प्रेमैक्य आणि जीवनदान यांची फारकत करता येत नाही असे शिकविले. म्हणूनच ख्रिस्तसभा समलिंगी सहजीवनास विवाह म्हणत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने अशा जोडप्यांना उपासनाविधीबाहेर साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली, पण विवाहाची शिकवण बदलली नाही. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ मात्र अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने स्वीकार करावा, अन्याय्य भेदभाव टाळावा, असे बजावतो.

वाचकहो, यातील पहिला भाग आम्हाला पाठ असतो, दुसरा विसरतो. पवित्र शास्त्राने तो विसरू दिलेला नाही. यशयाच्या ५६ व्या अध्यायात नपुंसकांना पुत्रकन्यांहून श्रेष्ठ नावाचे अभिवचन आहे, आणि प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प इथिओपियाच्या षंढाला वाटेतच बाप्तिस्मा देतो. आम्ही धर्मगुरू आणि धर्मभगिनी स्वतः संततीवाचून जगतो. धर्मग्रामातील कुटुंबे आम्हाला निष्फळ म्हणत नाहीत. मग आपल्याच पोटचा मुलगा वा मुलगी आपले वेगळेपण सांगू लागली, तर सिद्धांत मोडावा लागत नाही. घराचे दार तेवढे उघडे ठेवावे लागते.