प्रौढ जलतरणपटूंसाठी कमी आघाताचा पूरक व्यायाम

प्रौढ पोहणाऱ्यांनी दम वाढवण्यासाठी केलेला, सांध्यांना हिसके न देणारा व पोहण्याला जोड म्हणून असलेला व्यायाम. व्यायामशाळांत तो ‘लो इम्पॅक्ट क्रॉस ट्रेनिंग’ या नावाने ओळखला जातो. स्थिर सायकल, एलिप्टिकल, रोइंग मशीन, चढावरचे झपझप चालणे आणि खोल पाण्यातील धावणे हे त्याचे मुख्य प्रकार. तिशीनंतर पोहायला शिकलेले किंवा मोठ्या खंडानंतर तलावावर परतलेले लोक येथे अभिप्रेत आहेत. हा व्यायाम पोहण्याची जागा घेत नाही. मात्र तंत्र कच्चे असलेल्या माणसाच्या हृदयाला पाण्यात जो सलग ताण मिळत नाही, तो या व्यायामातून मिळतो. म्हणून मुरलेल्या पोहणाऱ्यापेक्षा शिकाऊ प्रौढाला त्याची गरज अधिक असते.

पार्श्वभूमी : प्रौढांचे संघटित जलतरण तुलनेने अलीकडचे आहे. अमेरिकन नौदलातील डॉक्टर रॅन्सम आर्थर यांच्या पुढाकाराने मे १९७० मध्ये टेक्सासमधील अमारिलो येथे पहिली राष्ट्रीय मास्टर्स, म्हणजे प्रौढ गटाची, स्पर्धा झाली. प्रौढांना नियमित पोहण्यासाठी निमित्त मिळावे आणि त्यांचे आरोग्य सुधारावे, हा तिचा हेतू होता. मास्टर्स गटाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८६ मध्ये टोकियोत झाली.

शरीरक्रियात्मक आधार : पोहताना शरीर आडवे असते. पाण्याच्या दाबाने पायांतले व पोटातले रक्त छातीकडे सरकते, त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त फेकते. शिवाय कामाचा मोठा भार पायांपेक्षा लहान असलेल्या हातांच्या स्नायूंवर असतो. म्हणून पोहताना गाठता येणारी कमाल हृदयगती धावतानाच्या कमाल गतीपेक्षा सामान्यतः मिनिटाला १० ते १३ ठोक्यांनी कमी असते. निष्णात जलतरणपटू पाण्यातही जवळजवळ धावण्याइतका ऑक्सिजन वापरू शकतो. न मुरलेल्या माणसाची पाण्यातली महत्तम ऑक्सिजन ग्रहणक्षमता मात्र धावण्यातल्यापेक्षा १५ ते २० टक्क्यांनी कमी पडते. या तफावतीचे कारण तंत्रात आहे. शिकाऊ माणूस श्वासासाठी मान वर उचलतो, तशी कंबर व पाय खाली जातात. बुडालेले पाय ओढताना त्याचे खांदे भरून येतात. पाण्यात उच्छ्वास पुरा झालेला नसतो, म्हणून तोंड बाहेर आल्यावर आधी हवा सोडावी लागते आणि उरलेल्या क्षणात घाईचा अर्धाच श्वास घेता येतो. २५ मीटरच्या तलावात दुसऱ्या लेंथला तो काठ धरतो. त्याला धाप लागलेली असते, पण हृदयाने मर्यादा गाठण्याआधीच दंड आणि श्वासाचा ताल यांनी हात टेकलेले असतात. तासाभराच्या बॅचमध्ये असे पोहणे आणि काठाशी थांबणे आलटून पालटून चालते, त्यामुळे सलग मेहनतीची मिनिटे थोडीच जमतात. अशा माणसाला ‘अजून लेंथ मारा’ एवढाच सल्ला देणे म्हणजे ज्या अडचणीने तो थांबतो, तीच त्याच्या वाट्याला पुन्हा देणे होय.

विशिष्टतेचा आक्षेप : ज्या व्यायामाचा सराव करावा त्याचीच क्षमता वाढते, मग सायकल चालवून पोहण्याचा दम कसा वाढेल, हा या विषयातील सर्वांत वजनदार आक्षेप आहे. त्यामागे पुरावाही आहे. मॅगेल व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांनी आठवड्यातून तीन दिवस, रोज तासभर, असे दहा आठवडे पोहण्याचा सराव केला. पोहतानाची ऑक्सिजन ग्रहणक्षमता सुमारे ११ टक्क्यांनी वाढली. धावतानाची जवळजवळ होती तिथेच राहिली. बेंग्ट साल्टीन यांच्या गटाने १९७६ मध्ये एकाच पायाला सराव देऊन पाहिला, तेव्हाही बहुतेक लाभ सराव झालेल्या पायापुरताच राहिला. यावरून स्नायूंतील बदल, म्हणजे केशवाहिन्यांची व ऑक्सिजन वापरणाऱ्या विकरांची वाढ, एका अवयवातून दुसऱ्यात जात नाही, हे मान्य करावे लागते. तथापि हृदय आणि रक्त साऱ्या शरीराचे एकच आहे. डेन्मार्कमध्ये क्लाउसेन व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये हात आणि पाय यांना वेगवेगळा सराव देऊन तुलना केली. पायांच्या सरावानंतर, सराव न झालेल्या हातांनी काम करतानाही हृदयगती काही प्रमाणात उतरली. हातांच्या सरावाचा पायांच्या कामावरचा परिणाम त्या मानाने कमी होता. मोठ्या स्नायूंना राबवणारा व्यायाम रक्ताचे आकारमान आणि हृदयाची फेक वाढवतो, व त्याचा वाटा हातांच्या कामालाही मिळतो, असा या निष्कर्षाचा सयुक्तिक अर्थ लागतो. लाभ अंशतःच पोचतो, हे खरे. पण ज्याच्या हृदयाला पाण्यात पुरेसे काम मिळतच नाही, त्याच्यासाठी तो अंशही मोलाचा ठरतो. निष्णात पोहणाऱ्याला पाण्यातच पुरेसा ताण मिळत असल्याने त्याच्याबाबत हा आक्षेप अधिक लागू पडतो.

अधिक पोहण्याचा पर्याय : वेळ वाढवायचाच तर तो तलावातच का घालवू नये, असेही विचारले जाते. डेव्हिड कॉस्टिल यांच्या १९९१ मधील अभ्यासात महाविद्यालयीन जलतरणपटूंच्या एका गटाने सहा आठवडे दिवसातून दोनदा सराव केला. एकदाच सराव करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना वेगळा फायदा दिसला नाही. हे तरुण व तयारीचे खेळाडू होते, त्यामुळे निष्कर्ष प्रौढांना जसाच्या तसा लावता येत नाही. खांद्याचा मुद्दा मात्र थेट लागू पडतो. केनेडी व हॉकिन्स यांनी १९७४ मध्ये ‘स्विमर्स शोल्डर’ या नावाने वर्णिलेली दुखापत हात डोक्यावरून पुनःपुन्हा फिरवण्याशी निगडित आहे. थकव्याने तंत्र बिघडले की तिचा धोका वाढतो. सायकलवरच्या अर्ध्या तासात खांद्याला विश्रांती मिळते. महाराष्ट्र–गोव्यात आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात समुद्र व नद्या पोहण्याजोग्या राहत नाहीत. पाणीटंचाईत किंवा दुरुस्तीसाठी तलाव बंद राहतात. या खंडात कमावलेला दम ओसरू न देण्याचा हाच सर्वांत सोपा उपाय आहे.

प्रकार : स्थिर सायकल सर्वांत सोयीची, कारण तिचा भार मोजून वाढवता येतो. पॅडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवावी; सीट खाली राहिल्यास गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. दहा मिनिटे अंग गरम केल्यावर चार-चार मिनिटांचे चार जोरदार टप्पे आणि मध्ये तीन-तीन मिनिटे हलके पॅडल मारणे, हा आराखडा नॉर्वेत यान हेल्गेरुड यांच्या गटाने २००७ मध्ये धावण्यावर तपासला होता. त्यात हृदयगती कमालीच्या ९० ते ९५ टक्के असते आणि दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही. नवशिक्याने दोन टप्प्यांपासून सुरुवात करावी. रोइंग मशीनवर पाय, पाठ व हात एकत्र राबतात; मात्र पोहून दुखावलेल्या खांद्याला व कमरेला ते जपून वापरावे लागते. खोल पाण्यातील धावणे गुडघेदुखी असलेल्यांना सोसते. एलिप्टिकल चालण्याच्या जवळचे आहे.

हाडांचा प्रश्न : पोहणे आणि सायकल यांनी हाडे बळकट होत नाहीत, हा आक्षेप बहुतांशी ग्राह्य आहे. पोहणे व सायकल या दोन्हींत शरीराचे वजन पाणी किंवा सीट उचलते, म्हणून हाडांना बळकटी आणणारा भार मिळत नाही. चढावरचे चालणे, जिने चढणे आणि वजनांचा व्यायाम यांची जोड दिल्याशिवाय प्रौढाचा कार्यक्रम पुरा मानू नये.

नियोजन : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूबळाचा सराव हवा. तीन दिवस तलावावर जाणाऱ्याने पाण्यातला वेळ प्रामुख्याने तंत्राला द्यावा आणि दम वाढवण्याचे काम पाण्याबाहेरच्या दोन दिवसांवर सोपवावे. एक दिवस जोरदार टप्प्यांचा, तर दुसरा गप्पा मारता येतील अशा सलग ४० मिनिटांचा असावा. तंत्र सुधारत जाईल तसा हा वाटा तलावाकडे परत वळवावा.

खबरदारी : हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बीटा ब्लॉकर ही हृदयगती मंदावणारी औषधे घेणाऱ्यांनी हृदयगतीच्या आकड्यांवर विसंबू नये.

मोजमाप : महिन्यातून एकदा तोच तलाव, तेच अंतर आणि तीच विश्रांती ठेवून ५० मीटरच्या आठ फेऱ्या कराव्यात, प्रत्येक फेरीची वेळ व शेवटच्या फेरीनंतर मिनिटभराने नाडी नोंदवावी. वेळा तेवढ्याच राहून नाडी लवकर उतरू लागली, तर पाण्याबाहेरच्या मेहनतीचा लाभ पाण्यात पोचतो आहे. सायकलवरचा भार वाढूनही या नोंदी जागच्या हलल्या नाहीत, तर उणीव दमाची नसून तंत्राची आहे. तेव्हा सायकलचे तास न वाढवता प्रशिक्षकाकडून श्वास आणि शरीराची पातळी सुधारून घ्यावी.