काचेतला समुद्र आणि उजनीचं पाणी

बारामती-इंदापूर भागातले, मुलांना घरीच शिकवणारे पालक एक प्रश्न हमखास विचारतात. मुलांना समुद्रातले प्राणी दाखवायचेत, तर न्यायचं कुठं? घरी शिकणाऱ्या मुलांसाठी सहल म्हणजे सुट्टी नव्हे, तो तासच असतो. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी एक इतिहास बघू. माणसानं समुद्र काचेच्या पेटीत आणला, तो कधी आणि कशासाठी?

सुरुवात लंडनची. तिथल्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणीसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस या निसर्ग अभ्यासकाचं पुस्तक आलं आणि ‘अक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. त्याआधी मासा म्हणजे एक तर ताटातला, नाही तर बरणीत मरून पडलेला. जिवंत मासा समोरून, त्याच्या उंचीवरून पाहणं ही लोकांसाठी अगदी नवी गोष्ट होती.

आपल्याकडे ही गोष्ट नीट रुजली ती मुंबईत. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते एका पारशी घराण्याच्या देणगीच्या आधारानं. २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. गावाकडून मुंबईला गेलं की राणीचा बाग आणि तारापोरवाला, ही जोडी ठरलेलीच! २०१५ मध्ये त्याचं नूतनीकरण झालं, डोक्यावरून मासे जातील असा काचेसारखा बोगदाही आला. पुढं कोविडच्या काळात दारं बंद झाली आणि नंतर जुनी इमारतच धोकादायक ठरली. म्हणजे आपल्या आई-वडिलांनी पाहिलेलं ते मत्स्यालय आज मुलांना तसंच्या तसं दाखवता येत नाही.

आता मोठ्या प्राण्यांकडे वळू. अमेरिकेत, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९३८ साली ‘मरीन स्टुडिओज’ उघडलं. मूळ हेतू काय, तर चित्रपटांसाठी पाण्याखालचं चित्रीकरण सोयीचं व्हावं. पण तिथले डॉल्फिन लोकांना इतके आवडले की त्यांच्या उड्यांचे खेळ सुरू झाले आणि तोच धंदा जगभर पसरला. १९९८ मध्ये तो चेन्नईजवळही आला. बल्गेरियातून डॉल्फिन आणले आणि काही महिन्यांतच ते मेले. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढणारा, दिवसाला कित्येक किलोमीटर पोहणारा हा प्राणी. त्याला हौदात ठेवायचं म्हणजे काय, हे त्या घटनेनं दाखवून दिलं.

तरीही पुढं काही राज्यांत अशी उद्यानं उभारायचे बेत होतेच. आपल्या सिंधुदुर्गाचं नावही त्यात होतं. अखेर मे २०१३ मध्ये केंद्र सरकारनं देशात डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या केंद्रांना परवानगी नाकारली. म्हणून पालकांनो, पाण्यात उड्या मारणारे डॉल्फिन दाखवा असं मुलं म्हणाली, तर त्यांना हा सगळा इतिहास सांगा. दापोली किंवा तारकर्लीच्या समुद्रात नशीब असेल तर डॉल्फिन दिसतात. नसेल तर नाही दिसत. त्यातही शिकण्यासारखं आहेच.

आता आपल्या दाराशी या. बारामतीहून भिगवण तासाभराच्या आत. तिथून कुंभारगाव, डिकसळ, पळसदेव या पट्ट्यात उजनीचं पाणी पसरलंय. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी. हा काही समुद्र नाही. पण हेही पाणी माणसानंच अडवलेलं आहे, फक्त त्याला काच नाही.

इथं मुलांना काय काय दाखवता येतं बघा. मच्छीमारांच्या टोपलीत चिलापी असते. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, भारतात आणला तो १९५२ साली. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते. पिल्लं वाचतात, संख्या झपाट्यानं वाढते आणि मग इथल्या मूळ माशांची जागा आक्रसत जाते. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, म्हणजे फ्लेमिंगो. चोच उलटी करून चिखलपाणी गाळतात. त्यांचा गुलाबी रंग अन्नातूनच येतो. पिंजऱ्यात ते अन्न मिळालं नाही, तर पक्षी फिका पडतो. ही एक गोष्ट मुलाला कळली, तरी अर्धा धडा झाला.

उरलेला अर्धा धडा पाण्याखाली आहे. पळसदेवचं जुनं हेमाडपंती मंदिर धरणात गेलं. दुष्काळात पाणी आटलं की ते वर येतं. इंदापूर, करमाळा, कर्जत या तालुक्यांतल्या गावांनी जमिनी दिल्या, घरं उचलली, तेव्हा हे पाणी साठलं. पाहुणे पक्षी आले ते त्यानंतर. तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा ‘आमचं जुनं गाव’ म्हणत असतील, तर सहलीत त्यांना सोबत घ्या. पुस्तकात नसलेला तास तेच घेतील.

आणि एक शेवटची विनंती. होडीत बसलं की कुणीतरी नावाड्याला म्हणतंच, ‘भाऊ, जरा जवळ घ्या, थवा उडवून दाखवा.’ उडणारा थवा दिसतो सुंदर, फोटोही छान येतो. पण दूरवरून आलेल्या पक्ष्याला खाणं सोडून उडावं लागतं, तेही सकाळपासून दहा वेळा, दहा होड्यांसाठी. फ्लोरिडातल्या हौदात खेळ सुरू झाला तोही प्रेक्षकांना आवडला म्हणूनच. आपण पैसे देतो म्हणून नावाडी जवळ नेतो. तेव्हा होडीत बसायच्या आधीच त्याला सांगा, ‘दादा, लांबच थांबा, आम्हाला घाई नाही.’ दुर्बीण मुलांच्या हातात द्या आणि पक्षी आपापलं खात असताना नुसतं बघत बसा.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात.