एकच सर्व्हर हजारो लोकांशी एकाच वेळी कसा बोलतो?

२०१२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने एका सर्व्हरवर २० लाखांहून जास्त कनेक्शन चालवल्याचं जाहीर केलं होतं. प्रत्येकासाठी वेगळा कॉम्प्युटर ठेवणं शक्यच नाही. मग हे जमतं कसं?

सॉकेट म्हणजे काय?

दोन कॉम्प्युटरमधल्या संवादाचं एक टोक म्हणजे सॉकेट. सर्व्हरचा एक सॉकेट फक्त नव्या लोकांची वाट पाहतो. कोणी जोडलं गेलं की त्याच्यासाठी स्वतंत्र सॉकेट उघडतो.

अडचण कुठे येते?

साधा प्रोग्राम एका सॉकेटवर मेसेजची वाट पाहत थांबला की तिथेच अडकतो. त्या युजरचं नेटवर्क गेलं, तर बाकीचे सगळे ताटकळतात.

उपाय पहिला: प्रत्येकाला वेगळा थ्रेड

थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला स्वतंत्र कामगार. शंभर-दोनशे युजरसाठी हे ठीक आहे. पण संख्या वाढली की मेमरी आणि थ्रेडची अदलाबदल करण्याचा खर्चही वाढतो. एका सर्व्हरने दहा हजार जणांना कसं सांभाळावं, हा प्रश्न १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी मांडला. तो ‘सी-टेन-के’ नावाने ओळखला जातो.

उपाय दुसरा: एकच लूप

इथे प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, ‘यातल्या कोणाकडे काही आलंय?’ ज्यांच्याकडे आलंय, त्यांचंच काम करतो आणि पुन्हा विचारतो. यासाठीची ‘सिलेक्ट’ ही सोय १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये आली. पण ती दर वेळी पूर्ण यादी तपासते आणि बहुतेक ठिकाणी तिची मर्यादा १०२४ आहे. लिनक्समध्ये २००२ साली आलेलं ‘ईपोल’ फक्त तयार असलेल्या सॉकेटची नावं देतं. जावास्क्रिप्टचं नोड (२००९) आणि पायथनचं असिंक-आयओ (२०१४) याच पद्धतीवर चालतात. पीएचपीमध्ये ‘स्ट्रीम सिलेक्ट’ आहे.

कोड लिहिताना काय सांभाळायचं?

• मेसेज तुकड्यांत येऊ शकतो. टीसीपी फक्त बाइट्सचा क्रम राखतं, मेसेज कुठे संपला ते सांगत नाही. म्हणून प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळा बफर ठेवा.

• वाचल्यावर शून्य बाइट मिळाले, म्हणजे समोरच्याने कनेक्शन बंद केलं. तो सॉकेट यादीतून काढला नाही, तर तो सतत ‘तयार’ दिसतो आणि लूप रिकामा फिरत सीपीयू खातो.

• लूपमध्ये जड काम करू नका. फोटो लहान करायला दोन सेकंद लागले, तर तेवढा वेळ सगळेच थांबतात. असं काम वेगळ्या प्रोसेसकडे द्या.

• लिनक्समध्ये एका प्रोसेसला किती सॉकेट उघडता येतील याची मर्यादा अनेकदा १०२४ असते. गर्दी होण्याआधीच ती वाढवा.

मग निवडायचं काय?

युजर मोजके असतील तर थ्रेड सोपे. हजारो जण जोडलेले, पण बहुतेक वेळ शांत असतील, तर लूपच परवडतो. चॅट अ‍ॅपमध्ये नेमकं हेच असतं.