सोडमुंज आणि निरोपाचा उपदेश

विद्या पुरी करून निघालेल्या मुलाला निरोपाच्या वेळी उपदेश करण्याची भारतातली रीत वैदिक काळापासूनची आहे. मात्र तो निरोप घरून नव्हे, गुरूच्या घरून मिळे. या संस्काराला समावर्तन म्हणतात. समावर्तन म्हणजे परत फिरणे. घर सुटे ते त्याआधी, मुंजीत. आईच्या पानात शेवटचे जेवायचे, ते मातृभोजन. मग दिवसा झोपू नकोस, नेमाने अध्ययन कर अशा तुटक आज्ञा ऐकून मुलगा ब्रह्मचारी होई.

समावर्तनाचा विधी गृह्यसूत्रांत सविस्तर दिला आहे. दाढी-केस उतरवायचे, कमरेची मुंज गवताची मेखला सोडायची आणि स्नान करायचे. पारस्कर गृह्यसूत्रात या स्नानाला आठ घागरींचे पाणी सांगितले आहे. ‘स्नातक’ हा शब्द याच स्नानावरून आला. त्यानंतर इतकी वर्षे वर्ज्य असलेल्या वस्तू एकेक करून हाती येत: काजळ, फुलांची माळ, आरसा, छत्री, जोडे. अनवाणी आलेला मुलगा जोडे घालून परत निघे.

निरोपाच्या उपदेशाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, अकराव्या अनुवाकात आहे. खरे बोलावे, अध्ययनात खंड पडू देऊ नये, आई, वडील, गुरू आणि अतिथी यांना देव मानावे, दान श्रद्धेने आणि विनयाने द्यावे, असे आचार्य सांगतात. मुलगा आईवडिलांकडेच परत चालला होता, हे ध्यानात घेतले की त्यांचा उल्लेख तिथे का येतो ते उमगते. याहून मोलाचे वाक्य पुढे आहे. आमची जी वर्तणूक चांगली असेल तेवढीच उचल, बाकीची नको, असे गुरू शिष्याला बजावतात. आपल्या चुका पाठीमागे चालू नयेत म्हणून निरोपाच्या क्षणी इतके स्वच्छ बोलणे आजही थोड्यांनाच जमते.

हा संस्कार द्विज मुलांपुरताच होता. शूद्रांना आणि सूत्रकाळानंतर मुलींनाही वेदाध्ययनाची दारे बंद होती, त्यामुळे हा निरोप त्यांच्या वाट्याला आला नाही.

गुरुगृही राहण्याची चाल मोडली तेव्हा परतायला जागाच उरली नाही. महाराष्ट्रात समावर्तनाची सोडमुंज झाली. ती बहुधा लग्नाच्या तोंडावर उरकली जाई. धोतर-उपरणे, डोक्याला पागोटे, हातात काठी आणि छत्री अशा थाटात मुलगा काशीला निघतो. चार पावले जातो न जातो तोच मामा आडवा येतो, माझी मुलगी देतो म्हणतो आणि त्याला मागे फिरवतो. मूळचा घरी परतण्याचा विधी असा घरून निघण्याचा, तोही लटक्या निघण्याचा झाला.

खरे निघणे एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि 1862 मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे कोल्हापूरहून आलेले, भांडारकर मूळचे मालवणचे. पदवीदान समारंभात उपदेशाचे काम कुलपतींच्या भाषणाकडे गेले. स्वातंत्र्यानंतर अनेक विद्यापीठांनी त्या समारंभात शिक्षावल्लीतल्या उपदेशालाही जागा दिली. मुलींसाठी धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये वेगळे विद्यापीठ काढले.

एरवी उपदेश आता आईवडिलांकडे आला आणि पत्रांतून होऊ लागला. 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाल्यावर तो गरिबालाही परवडू लागला. चिरंजीवास अनेक आशीर्वाद, अशी सुरुवात करून वडील बारीक अक्षरात लिहीत: प्रकृतीस जपावे, अभ्यासात हयगय करू नये, खर्चाचा हिशेब ठेवावा, उलटटपाली खुशाली कळवावी. त्या काळी बहुतेक घरांत आईला लिहिता येत नसे. ती जवळ बसून सांगे, आणि जेवणाची हेळसांड करू नकोस हा तिचा निरोप वडिलांच्याच हाताने, जागा संपत आल्यावर, कार्डाच्या कडेला आडवा लिहिला जाई.