भाऊ आले नाहीत

'भाऊ' ह्या शब्दाचं अनेकवचन काय? भाऊच. लाडू, पेरू, भाऊ.. सगळे तसेच, एक असो की चार. क्रियापदावरून ओळखावं म्हटलं तर तिथे आदरार्थी बहुवचन आडवं येतं. 'भाऊ आले' म्हणजे कुणी एक मानाचे भाऊ आले, किंवा बरेच भाऊ आले.

त्यात 'नाहीत' घातलं की खरी गंमत. आमच्या घरात अर्थात तिला कुणी गंमत म्हणत नाही.

केडगावला (नगरचं, रेणुकामातेचं. पंडिता रमाबाईंचं केडगाव दौंड तालुक्यातलं, ते वेगळं) १९७२ च्या दुष्काळात आमची सामाईक विहीर खोल करायचं ठरलं. आजोबा चौघा भावांत धाकटे. खर्चाच्या बैठकीबद्दल त्यांच्या वहीत एकच ओळ आहे: 'भाऊ आले नाहीत.' पुढे पाण्याच्या पाळीवरून जे बिनसलं ते अजून पुरतं जुळलेलं नाही. आमच्या घराचं म्हणणं, तिघंही आले नाहीत, खर्च आम्ही एकट्याने केला. तिसऱ्या आजोबांच्या घरचे म्हणतात, आमचे आजोबा तर आले होते!

समजा, ते एकटेच आले होते. मग ती ओळ खरी की खोटी?

आता थोडं मागे जाऊ, थेट पाणिनीपर्यंत. त्याच्याकडे 'एकशेष' नावाची सोय आहे: सारखे शब्द एकाच विभक्तीत लागोपाठ आले की त्यातला एकच उरतो. 'भाऊ आणि भाऊ आणि भाऊ' ह्याचं आटून 'भाऊ'. ह्यावर पतंजलीच्या महाभाष्यात मोठी चर्चा आहे. शब्द जाती सांगतो की व्यक्ती? वाजप्यायन जातीच्या बाजूचा, व्याडी व्यक्तीच्या. व्याडीचं मानलं तर अनेकवचन म्हणजे पोटात लपलेले 'आणि'. हा आला आणि तो आला आणि तोही आला.

ह्या 'आणि'ला नकार दिला तर काय होतं, त्याचा नियम ऑगस्टस द मॉर्गनच्या नावाने ओळखला जातो. (हा गणिती १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला होता.) 'हा आणि तो आले' हे खोटं असायला दोघांपैकी एक न आला तरी पुरतं. म्हणजे ह्या हिशेबाने तिसरे आजोबा आले असले तरी वहीतली ओळ खरीच!

पण तसं ऐकतं कोण? 'पाहुणे आले नाहीत' म्हटल्यावर चहाचं आधण उतरवतात, चौघांपैकी तिघांसाठी ठेवत नाहीत. होकारात आपण 'सगळे' ऐकतो आणि नकारात 'एकही नाही'. अधलेमधले आले तर वाक्य धड खरंही नाही, धड खोटंही नाही. १९८३ मध्ये गोडेहार्ड लिंकने अनेकवचनाकडे बेरजेसारखं पाहायला सुचवलं, सगळे मिळून एक. सेबास्टियान ल्योब्नरने म्हटलं की अशा वाक्यात क्रिया पूर्ण बेरजेला लागते किंवा पूर्ण नाकारली जाते. मानुएल क्रिझचा २०१५ चा व्हिएन्नातला प्रबंध तर ह्या एकजिनसीपणावरच आहे. 'सगळे' घालून त्यावर जोर दिला ('सगळे भाऊ आले नाहीत') की मधली जागा नाहीशी होते, काही आले असतील हे लगेच कळतं.

ही सगळी विद्या घेऊन मी वही पुन्हा चाळली. दोन पानं आधी आजोबांनी लिहिलंय, 'एकही गडी आला नाही'. म्हणजे 'एकही' त्यांना येत होतं. थोरल्या भावांना 'आला' कसं म्हणणार, हे खरं. पण 'कोणी आलं नाही' ह्यात कुणाचाच मान जात नाही, आणि तेही वहीत दुसरीकडे सापडतं.

ते इथे का नाही? माझ्या मते कारण साधं आहे. सर्वांत थोरल्यांना घरात सगळे 'भाऊ'च म्हणायचे. 'नाहीत' हे आदराचं, एकट्या त्यांच्यासाठीचं. बाकी दोघांबद्दल ओळ गप्प आहे. हे मत आमच्या घराच्या विरुद्ध जातं, काकांचा फोन येणार हे धरूनच चाललोय.

तिसऱ्या आजोबांच्या घरी त्या वर्षाची खर्चाची चोपडी असेल तर बघा. बैठकीच्या तारखेचं पान मिळालं तर फोटो काढून पाठवा.